फाउंडेशन इयरसह बिझनेस आणि डिजिटल टेक्नॉलॉजी: इंग्लंडमधल्या एका कोर्सबद्दल

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. ज्यांचं शिक्षण बारावीवर थांबलं आहे, जे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आहेत आणि ज्यांना दुकान, गोदाम किंवा केअर होममधल्या कामातून ऑफिसच्या कामाकडे जायचं आहे, त्यांच्यासाठी हा कोर्स चांगला आहे. पाचपैकी चार तारे मी मनापासून देते. ज्यांच्याकडे भारतातली पदवी आहे त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. ते का, हे पुढे सविस्तर येईलच.

मी मिडलंड्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागातल्या, एका विद्यापीठात ‘बिझनेस अँड डिजिटल टेक्नॉलॉजी विथ फाउंडेशन इयर’ ही चार वर्षांची पदवी करते आहे. फाउंडेशन वर्ष झालं, पदवीचं पहिलं वर्षही आता संपलं. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या एकाच ठिकाणच्या नसतात हे इतर विद्यापीठांतल्या मैत्रिणींकडून कळलं आहे. माझं स्वतःचं म्हणाल तर बारावी कॉमर्स, मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंड, दोन मुलं, आणि सुपरमार्केटमध्ये सकाळच्या पाळीचं काम. इंडेफिनिट लीव्ह, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्यावर या कोर्सचा विचार सुरू झाला.

रचना समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. इथल्या पदवीची तीन वर्षं म्हणजे लेव्हल चार, पाच आणि सहा. दर वर्षी १२० क्रेडिट, एकूण ३६०. फाउंडेशन वर्ष त्यांच्या आधीचं, लेव्हल तीनचं, म्हणजे ए लेव्हलच्या (इथल्या बारावीच्या) बरोबरीचं. वेळापत्रकात त्याला ‘वर्ष शून्य’ म्हणतात. त्यातले मार्क पदवीच्या अंतिम श्रेणीत धरले जात नाहीत, पण पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ४० टक्क्यांना पास आणि ७० टक्क्यांना फर्स्ट क्लास. पहिल्या असाइनमेंटला ६२ मिळाले तेव्हा माझ्या आईने फोनवर “एवढेच?” असं विचारलं होतं. इथे ६२ म्हणजे अप्पर सेकंड, आणि बहुतेक कंपन्या ज्या श्रेणीची अपेक्षा धरतात ती हीच. आपल्याकडच्या टक्केवारीची सवय असलेल्यांनी हे सुरुवातीलाच घरी समजावून ठेवावं.

आता कोर्समधल्या सर्वात चांगल्या भागाबद्दल. फाउंडेशन वर्षात आकडे आणि डेटा यांवर एक मॉड्यूल, म्हणजे एक विषय, होता. नाव ऐकून वाटलं होतं, टक्केवारी, सरासरी, एक्सेल, संपलं. पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना एक प्रश्न विचारला: तुमच्या कामाच्या ठिकाणी चुकीचा आकडा कुठे दिसतो? वर्गात नुकती अठरा वर्षांची झालेली मुलं होती, तशी माझ्या वयाची माणसंही बरीच होती. टॅक्सी चालवणारे एक गृहस्थ म्हणाले, ॲप सांगतं चार मिनिटं, पण त्या पुलावर रोज संध्याकाळी गाडी अडकते हे ॲपला माहीत नाही. घरोघरी जाऊन वृद्धांची काळजी घेणारी एक मुलगी म्हणाली, भेटीची वेळ नोंदवायला आम्ही दारातच फोन स्कॅन करतो, पण आजी दार उघडेपर्यंतचा वेळ कोणी मोजत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी ब्रेडबद्दल सांगितलं. माझ्या हातातल्या स्कॅनरवर दिसतं की ब्राउन ब्रेडचे सहा पुडे दुकानात आहेत. फळीवर एकही नसतो, मागे स्टॉकरूममध्येही नसतो. कोणी चोरले असतील, खराब माल टाकताना नोंद राहिली असेल, किंवा एक ब्राउन आणि एक दुसरा ब्रेड असताना कॅशवर तो दुसराच दोनदा स्कॅन झाला असेल. संगणकाच्या लेखी मात्र ते सहा पुडे आहेतच. म्हणून तो नवीन माल मागवत नाही आणि फळी रिकामीच राहते. जोपर्यंत कोणी माणूस जाऊन प्रत्यक्ष मोजत नाही आणि आकडा शून्य करत नाही, तोपर्यंत हे असंच चालतं.

बाईंनी तोच प्रकार फळ्यावर घेतला. नोंद कुठे होते, कोण करतं, चूक शिरू शकते अशा जागा कोणत्या, ती कोणाच्या लक्षात यायला हवी, आणि लक्षात आल्यावर ती दुरुस्त करायचा अधिकार कोणाला आहे. डेटाबेस, स्टॉक कंट्रोल, प्रोसेस मॅपिंग हे सगळे शब्द मला त्या एका तासात कळले, कारण ते माझ्याच रोजच्या कामाच्या अंगाने आले. पुढे वर्षअखेरच्या प्रोजेक्टसाठी मी हाच विषय घेतला. दुकानाचा खरा डेटा वापरायची परवानगी नव्हती, म्हणून तशाच प्रकारचा नमुना डेटा तयार करून पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे एक्सेलच्या सारांश तक्त्यात, दाखवलं की एक चुकलेली नोंद किती दिवस पुढच्या मागण्यांवर परिणाम करत राहते. वाचताना कळलं की व्यवसायासाठी नियमितपणे वापरला गेलेला जगातला पहिला संगणक इंग्लंडमध्येच एका चहाची दुकानं चालवणाऱ्या कंपनीने बनवला होता. कंपनी जे. लायन्स, संगणकाचं नाव लिओ, साल १९५१, आणि त्याला दिलेलं पहिलं नेमाचं काम बेकरीच्या मालाच्या हिशोबाचं. सत्तर वर्षांहून जास्त काळ गेला आणि आम्ही अजून ब्रेडचेच आकडे जुळवतो आहोत, याचं मला खरोखर अप्रूप वाटलं.

याच मॉड्यूलमध्ये पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण शिकवलं. इथे राहणाऱ्या बहुतेकांनी ते २०२४च्या जानेवारीत टीव्हीवर मालिका आली तेव्हा ऐकलं. वर्गात आम्ही ते सुरुवातीपासून अभ्यासलं. १९९९पासून पोस्ट ऑफिसच्या काउंटरवर फुजित्सूने बनवलेली होरायझन ही हिशोबाची नवी प्रणाली बसवली गेली. तिच्यातल्या दोषांमुळे कागदावर तूट दिसायची. करारानुसार तूट भरून द्यायची जबाबदारी पोस्ट चालवणाऱ्याची. ९००हून अधिक लोकांना चोरी, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरवण्यात आलं. त्यांत आपल्याकडची कितीतरी माणसं होती. पोस्ट चालवणाऱ्या सीमा मिश्रा यांना २०१० साली गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. त्यांची शिक्षा रद्द झाली २०२१मध्ये. पूर्वी पोस्ट चालवणारे ॲलन बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये हायकोर्टात दावा जिंकला, आणि २०२४मध्ये संसदेने कायदा करून या शिक्षा एकत्रच रद्द केल्या. एवढा उशीर का झाला, याचं एक कारण मला आधी अजिबात माहीत नव्हतं. इंग्लंडच्या कायद्यात, उलट पुरावा येईपर्यंत संगणक नीट चालत आहे असंच कोर्टाने गृहीत धरायचं असतं. म्हणजे स्वतःच्या काउंटरवरच्या एका बाईने संगणकाचा दोष सिद्ध करायचा, जिच्याकडे त्याच्या आतली एकही नोंद नाही.

आम्हाला त्यावर लिहायचा रिपोर्ट असा होता: कोणत्या टप्प्यावर, कोणत्या पदावरच्या माणसाने, कोणता प्रश्न विचारायला हवा होता? त्या रिपोर्टने मला या कोर्समध्ये टिकवून ठेवलं. बिझनेस शिकणाऱ्याला करार आणि जबाबदारी दिसते, टेक्नॉलॉजी शिकणाऱ्याला सॉफ्टवेअरचा दोष दिसतो, आणि या प्रकरणात नुकसान झालं ते दोघांनी एकमेकांना प्रश्न न विचारल्यामुळे. दोन्ही विषय एकाच वर्गात, एकाच माणसाकडून शिकण्याचा अर्थ मला तिथे कळला. पदवीच्या पहिल्या वर्षात टीएसबी बँकेचं प्रकरण आलं, तेही याच जातीचं. २०१८च्या एप्रिलमध्ये ग्राहकांचा डेटा नव्या प्रणालीवर हलवताना लाखो लोकांना स्वतःचं खातंच उघडेना. २०२२मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. तिथे प्रश्न चाचण्यांचा आणि घाईचा होता.

टेक्नॉलॉजी किती शिकवतात, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. फाउंडेशन वर्षात कमी. एक्सेल बऱ्यापैकी खोलात जाऊन, एक साधी वेबसाइट, सायबर सुरक्षेची ओळख, १९९०चा कम्प्युटर मिसयूज ॲक्ट आणि २०१८चा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, एवढंच. पहिल्या वर्षात एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) सुरू झालं तेव्हा खूप जणांची दमछाक झाली, कारण वर्ष शून्यात त्याची तयारीच करून घेतली नव्हती. हा माझ्या मते कोर्समधला मोठा दोष आहे. निदान दुसऱ्या सत्रात आठवड्याला एक तास तरी प्रोग्रामिंगला द्यायला हवा होता. ज्यांना प्रोग्रामरच व्हायचं आहे त्यांनी हा कोर्स घेऊच नये. फाउंडेशन इयरसह कम्प्युटर सायन्स घ्यावं. इथून निघणारा माणूस बिझनेस ॲनालिस्ट, प्रोजेक्ट सपोर्ट, डिजिटल मार्केटिंग, डेटाचं काम अशा बाजूला जातो.

अभ्यासाच्या कौशल्यांचं मॉड्यूल सगळ्यांना रटाळ वाटतं आणि त्याबद्दल तक्रार करणारे खूप. मी करणार नाही. हार्वर्ड पद्धतीने संदर्भ देणं, नक्कल पकडणाऱ्या टर्निटिन या प्रणालीत काम सादर करणं, एखाद्या लेखातला मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडून मग त्याच्याशी असहमत होणं, हे आपल्या परीक्षांनी आम्हाला कधीच शिकवलं नव्हतं. आमच्याकडे गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण मार्क. इथे तसं केलं तर चौकशी होते. एआय वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी, ते आमच्याकडे असाइनमेंटसोबत लिहून द्यावं लागतं. वर्ष शून्यात हे सगळं शिकून घेतलेल्यांना पुढे त्रास होत नाही, आणि थेट पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना यातच अडखळताना मी पाहिलं आहे.

ग्रुप प्रोजेक्ट मात्र नकोसे होतात. पाच जणांचा गट, त्यातले दोघे येत नाहीत, मार्क सगळ्यांना सारखे. शिवाय तपासलेली असाइनमेंट इतक्या उशिरा परत येते की पुढची देऊन झालेली असते. मग त्या सूचनांचा उपयोग काय? आणि वेळापत्रक वर्ग सुरू व्हायच्या अगदी तोंडावर हातात पडतं. घरी लहान मुलं असणाऱ्यांना पाळणाघर, कामाची पाळी, शाळा सुटण्याची वेळ हे सगळं त्यावर ठरवायचं असतं. एक तारा मी कापला तो यांच्यासाठी.

आता पैशांबद्दल, कारण घरात खरी चर्चा त्यावरच होते. मी फाउंडेशन केलं तेव्हा, २०२४-२५ला, फी ९,२५० पौंड होती. २०२५-२६पासून इंग्लंडमध्ये नियम बदलला. बिझनेससारख्या, वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या फाउंडेशन वर्षाला आता जास्तीत जास्त ५,७६० पौंड घेता येतात. नंतरच्या तीन वर्षांना २०२५-२६ला मर्यादा ९,५३५ होती. पण कम्प्युटिंगकडे झुकणाऱ्या कोर्सचं फाउंडेशन वर्ष या सवलतीत न बसण्याची शक्यता असते, आणि हा कोर्स नेमका दोन्हींच्या मधला आहे. म्हणून तुमच्या कोर्सच्या वर्ष शून्याची फी किती, ते विद्यापीठाकडून लेखी घ्या.

फीचं कर्ज स्टुडंट फायनान्स या सरकारी योजनेतून मिळतं, त्याला घरच्या उत्पन्नाची अट नाही. पण तुम्ही स्थायिक असायला हवं आणि कोर्स सुरू होण्यापूर्वीची तीन वर्षं इथे राहिलेलं असायला हवं. राहण्याखाण्याचं कर्ज मात्र घरच्या उत्पन्नावर ठरतं, त्यामुळे नवरा चांगल्या नोकरीत असेल तर ते कमी मिळतं. मुलं असतील तर चाइल्डकेअर ग्रँटसाठी जरूर अर्ज करा. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर नोंदणीकृत पाळणाघराच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग मिळतो, आणि तो परत करायचा नसतो.

कर्ज या शब्दाने आपली माणसं घाबरतात, माझे सासरेही घाबरले होते. परतफेडीचं गणित त्यांना मी असं समजावलं. २०२३च्या ऑगस्टनंतर पदवी सुरू केलेल्यांना परतफेडीचा ‘प्लॅन फाइव्ह’ हा नियम लागतो. वर्षाला २५,००० पौंडांपेक्षा जास्त जे कमवाल, फक्त त्या वरच्या रकमेच्या ९ टक्के पगारातून कापले जातात. ३०,००० पगार असेल तर वरचे ५,०००, त्याचे वर्षाला ४५० पौंड, म्हणजे महिन्याला साडेसदतीस. नोकरी गेली तर हप्ता थांबतो. ४० वर्षांनी उरलेलं माफ. व्याज महागाईच्या दराएवढं, त्यामुळे आकडा वाढत राहतो आणि तो पाहून धडकी भरते हे खरं. पण दारात वसुलीला कोणी येत नाही.

स्वस्तातला दुसरा रस्ता आहे, तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. कॉलेजात ॲक्सेस टू हायर एज्युकेशन नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो. त्यासाठी घेतलेलं ॲडव्हान्स्ड लर्नर लोन, पुढे पदवी पूर्ण केली की माफ होतं. आणि तो डिप्लोमा घेऊन तुम्ही हव्या त्या विद्यापीठात अर्ज करू शकता. फाउंडेशन वर्ष बहुधा तुम्हाला त्याच विद्यापीठाशी बांधून ठेवतं. शिक्षणाच्या सरकारी निधीचा आढावा घेणाऱ्या २०१९च्या ऑगर समितीने तर फाउंडेशन वर्षांची सरकारी मदत काढून ॲक्सेसकडे वळा, असंच सुचवलं होतं. मी तरी फाउंडेशन घेतलं, कारण मला पुन्हा अर्ज, पुन्हा प्रवेश, पुन्हा नवी जागा हे करायचं नव्हतं, आणि पहिल्या दिवसापासून विद्यापीठाची लायब्ररी, करिअर सल्लागार, समुपदेशक सगळं हाताशी होतं. ज्यांची मुलं जरा मोठी आहेत आणि ज्यांना विषय अजून पक्का ठरवायचा आहे त्यांनी ॲक्सेसचा विचार आधी करावा. सध्याच्या कंपनीत डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्यूशन्सची डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करत करत पदवी, मिळत असेल तर प्रश्नच मिटला. तिथे फी तुम्हाला भरावी लागत नाही आणि पगारही चालू राहतो.

आता पदवीधरांसाठी. आपल्या मंडळात बी.कॉम., बी.एस्सी., अगदी इंजिनिअर झालेल्या मुली मला विचारतात की हा कोर्स घेऊ का. नको गं. एक पदवी हातात असताना दुसऱ्या पदवीच्या फीला साधारणपणे कर्ज मिळत नाही. पदवी अर्धवट सोडली असली तरी ती वर्षं मोजली जातात: कोर्सची वर्षं अधिक एक, त्यातून आधी शिकलेली वर्षं वजा, असा हिशोब असतो. त्यापेक्षा यूके एनिक या संस्थेकडून आपल्या पदवीची इथल्या पदवीशी तुलना करून घ्या, आणि इतर विषयांतून आलेल्यांसाठी असतो तसा कम्प्युटिंगचा एक वर्षाचा मास्टर्स बघा. भारतात घाम गाळून मिळवलेली पदवी कपाटात ठेवून वर्ष शून्यात बसायला तुम्हाला कोणी सांगत असेल, तर त्याला त्यात काय मिळतं ते आधी विचारा.

हे मी उगाच म्हणत नाही. बिझनेसच्या फाउंडेशन कोर्ससाठी माणसं गोळा करणारे एजंट बाजारात, मंदिराबाहेर, व्हॉट्सॲपवर भेटतात. “आठवड्यातून दोन दिवस जायचं, राहण्याखाण्याचे पैसे खात्यात” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बऱ्याचदा तो कोर्स विद्यापीठाच्या नावाने दुसरीच एखादी खासगी संस्था शिकवत असते. अशा फ्रँचाइझ कोर्समधल्या कर्जाच्या गैरव्यवहारांवर सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०२४च्या जानेवारीत अहवाल दिला आहे. सगळ्याच संस्था वाईट नसतात. पण पैसे तुमच्या नावावर काढले जातात, आणि शिकवणारी संस्था बंद पडली तरी कर्ज तुमच्याच नावावर राहतं.

म्हणून ओपन डेला, म्हणजे विद्यापीठ बघायला बोलावतात त्या दिवशी, जा, घरच्यांना सोबत न्या, आणि संकोच न करता विचारा. वर्ग कोण घेणार, विद्यापीठाचे शिक्षक की दुसरं कोणी? फाउंडेशनमधले किती विद्यार्थी पुढच्या वर्षात गेले? पुढे जायला ४० पुरतात की जास्त लागतात? प्रोग्रामिंग कधी सुरू होतं? वेळापत्रक कोणत्या तारखेला हातात मिळेल? मध्येच सोडावं लागलं तर किती फी अंगावर पडेल? हे शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण हे कर्ज देणारी सरकारी स्टुडंट लोन्स कंपनी फी विद्यापीठाला तीन हप्त्यांत देते, २५, २५ आणि ५० टक्के. तिसऱ्या सत्रात सोडलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण वर्षाची फी बसते. ज्यांना शंका असेल त्यांनी निर्णय पहिल्या काही आठवड्यांतच घ्यावा. अर्ज यूकासमधून, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक व्यवस्थेतून, करायचा. जानेवारीची मुदत हुकली तर जुलैपासून क्लिअरिंग, म्हणजे उरलेल्या जागांचे प्रवेश, सुरू होतं, आणि या कोर्सला तेव्हाही बऱ्याच ठिकाणी जागा असतात. जीसीएसईचं (इथल्या दहावीचं) गणित आणि इंग्रजी नसेल तर आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीट चालतील का, ते प्रवेश विभागाला आधी ईमेल करून विचारून ठेवा.